दुसऱ्या नावाचा रकाना

कोल्हारचा पूल ओलांडून मनमाडच्या दिशेने थोडं पुढे गेलं की उसाची शेतं मागे पडतात आणि एक बोडका माळ लागतो. त्या माळावर एक विद्यापीठ आहे. नाव सांगत नाही, कारण ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं अजून तिथेच नोकरीला आहेत, आणि त्यांना आधीच पुरेसा ताप झालेला आहे.

आयेशा बागवान तिथे जुलैत संख्याशास्त्र शिकवायला रुजू झाली. नवरा परवेझ पुण्यात कंपनीत, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. चार वर्षांची मारिया आईपाशी. एकटीने नोकरी करून पोर सांभाळायची म्हणजे तारेवरची कसरत, पण विद्यापीठाने मुलाखतीच्या वेळीच सांगितलं होतं की आमच्याकडे प्राध्यापक सहाय्य कक्ष आहे, काही काळजी करू नका. खरोखरच होता. मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर एक खिडकी, खिडकीमागे आसारामभाऊ गाडेकर. राहायला क्वार्टर, गॅसची शेगडी, दवाखान्याचं कार्ड, नगरला जाणाऱ्या बसचा पास, मुलांचं पाळणाघर, सगळं त्या एका खिडकीतून मिळायचं. फक्त प्रत्येक गोष्टीला एक फॉर्म होता.

पाळणाघराच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना होता. पालक येऊ न शकल्यास मूल कोणाच्या ताब्यात द्यावे. माणूस कॅम्पसमध्येच राहणारं हवं.

"मी परवाच आले भाऊ. इथे कुणालाच ओळखत नाही," आयेशा म्हणाली.

"कुनाचं बी टाका मॅडम. शेजारचं टाका." आसारामभाऊंनी मान वर केली नाही. मागे रांग होती. "रकाना मोकळा ठिवता येत न्हाई. साहेब फॉर्म माघारी धाडत्यात."

तिला समोरच्या क्वार्टरची पाटी आठवली. सी-१४, डॉ. पंकजा यज्ञेश्वर मुळे. दाराला कुलूप होतं, पण अर्ध्या कॅम्पसच्या दारांना कुलूपच असतं. लोक राहतात नगरला नाहीतर श्रीरामपूरला, आणि क्वार्टर नुसतं अडवून ठेवतात. आल्या की ओळख करून घेऊ, सांगून टाकू, असं मनाशी म्हणत तिने ते नाव लिहिलं. आसारामभाऊंनी शिक्का मारला. अठरा वर्षं खिडकीत बसलेला माणूस फॉर्म वाचत नाही, मोकळे रकाने तेवढे बघतो.

मुळे मॅडम काही आल्या नाहीत. आयेशा ते नाव विसरून गेली.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा पेपर तपासणी सुरू झाली. तपासणी केंद्राच्या दारात मोबाईल जमा करायचे आणि सुटल्यावर परत घ्यायचे, हा नियम. रोज पाचला सुटका व्हायची. त्या दिवशी मात्र गठ्ठे परत देताना एक उत्तरपत्रिका कमी भरली. केंद्रप्रमुखांनी दार लावून घेतलं. सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही! आयेशाने दोनदा सांगून पाहिलं, सर, पाळणाघर सहाला बंद होतं. ते म्हणाले, मॅडम, सगळ्यांनाच घर आहे. उत्तरपत्रिका शेवटी एका जाड पुरवणीला चिकटलेली सापडली. बाहेर येऊन तिने मोबाईल हातात घेतला तेव्हा पावणेसात वाजले होते.

पाळणाघराच्या रुपालीताईंचे तीन फोन येऊन गेले होते. शेवटचा सहा वाजून पाच मिनिटांनी. त्यानंतर एकही नाही. तिने उलट फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला.

ती निघाली ती जवळजवळ पळतच. अंधार पडला होता. साखर कारखाना सुरू झाला होता आणि मळीचा आंबूस वास सगळ्या माळावर पसरला होता. रस्त्यावरच्या दिव्यांपैकी एक पेटायचा, दोन नाही. फळबागेच्या शेततळ्यापाशी तारेच्या कुंपणाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी फडफडत होती, तेवढाच आवाज. ती स्वतःला समजावत होती की रुपालीताई असतीलच, पोरीला बिस्किट देऊन बसवलं असेल.

रुपालीताई झाडलोट उरकून दाराला कुलूप घालत होत्या. एकट्याच.

"मारिया कुठंय?"

"मारिया? ती गेली की मॅडम." रुपालीताई कोल्हारच्या, चार महिन्यांपूर्वीच कामाला लागलेल्या, कामाला एकदम चोख. "तुमच्या शेजारनी आल्या हुत्या, मुळे मॅडम. मी फॉर्म काढून बघितला, नाव हुतं. सही घेतली अन् दिली. फोनचं बी बघा ना, आवाज बंद हुता, आत्ता दिसलं."

आयेशाला क्षणभर इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. ओळख ना पाळख, तरी बाई धावून आली! आणि आपण साधं विचारलंही नव्हतं. तिने रजिस्टर पाहिलं. निळ्या शाईत, सुरेख वळणदार अक्षरात सही होती. पं. य. मुळे, सहा दहा.

"कशा आहेत हो त्या? मी अजून भेटलेच नाही."

"बुटक्याच हायेत. चष्मा हाय, साडीवर स्वेटर. लई घाईत हुत्या, दम लागला हुता." रुपालीताईंनी रजिस्टर मिटलं. "मारियाला बघितलं अन् रडायाच लागल्या, मॅडम. खाली बसल्या अन् तिला म्हनल्या, फार उशीर झाला का रे बाळा. मला वाटलं, मानूस हळवं आसंल."

सी विंगच्या जिन्यात दिवा नव्हता. आयेशा मोबाईलच्या उजेडात वर गेली. तिचं दार बंद, समोरचं दार बंद. आणि समोरच्या दाराला रोजचंच कुलूप, गंजून तांबडं झालेलं, कोळ्याने कडीपासून चौकटीपर्यंत जाळं विणलेलं. ते जाळं कुठे तुटलेलंही नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. मग तिला वास आला. गरम भात, साजूक तूप, आणि एक खमंग, ओळखीचा नसलेला वास. मळीच्या त्या दर्पातही तो स्वच्छ येत होता. दाराच्या खालच्या फटीतून येत होता.

"मारिया!"

आतून हसू आलं. तिच्याच मुलीचं. "अम्मी, थांब ना. आम्ही जेवतोय."

आम्ही. आयेशाने दारावर दोन्ही हात आपटले. कुलूप खुळखुळलं, जाळं फाटून तिच्या मनगटाला चिकटलं. एका हाताने ती दार बडवत होती आणि दुसऱ्या हाताने आसारामभाऊंना फोन लावत होती. "भाऊ, सी-चौदाची किल्ली आणा. माझी मुलगी आत आहे." पलीकडून ते म्हणाले, "कितीची, मॅडम? सी-चौदाची?" आणि फोन बंद झाला.

"दार वाजवू नका हो." आवाज अगदी दाराला लागून आला, हळू, शिकवून शिकवून घसा बसलेल्या बाईचा आवाज. "मुलं दचकतात."

आयेशाने हात खाली घेतले. "मुळे मॅडम...?"

"मीटिंग संपली का तुमची? माझंही असंच व्हायचं. उठता येत नाही ना मधूनच..."

"माझ्या मुलीला बाहेर सोडा. प्लीज."

"जेवते आहे ती. मेतकूट भात आवडला तिला. अवधूतलाही आवडतो." आतला आवाज थोडा अडखळला. "तुम्ही माझं नाव टाकलंत, फार बरं वाटलं. कुणी टाकत नाही. इतकी वर्षं मी... कुणी टाकलंच नाही."

फटीतून थंडगार हवा येत होती आणि भाताच्या वासाखाली आता आणखी एक वास होता, साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा. आयेशा मागे सरकू पाहत होती, पण मुलगी दारापलीकडे होती.

"एक विचारू?" बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "आमच्या अवधूतच्या फॉर्मवर तो रकाना मोकळाच आहे हो. तेव्हा लागत नसे. तुमचं नाव टाकू का?"

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी माणसाने विचार करून उत्तर द्यायला हवं. कबूल आहे. पण बंद दाराच्या आत ज्याचं पोर आहे, त्याने करावा विचार.

"टाका," आयेशा म्हणाली. "टाका, काय हवं ते टाका, पण माझी मुलगी मला द्या!"

"आभारी आहे," आतून आवाज आला. अगदी मनापासून आला.

"अम्मी."

हाक मागून आली होती. मारिया त्यांच्याच दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, पाठीला दप्तर, ओठांवर पिवळसर भाताचं शीत. समोरचं कुलूप जागच्या जागी होतं. आयेशाने पोरीला उराशी धरलं आणि खाली मटकन बसली. तिला रडूही येत नव्हतं.

आसारामभाऊ बॅटरी घेऊन आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्यांनी किल्ली आणली नव्हती. ते वर आलेच नाहीत. चार पायऱ्या खाली उभे राहून, टोपी हातात घेऊन बोलले.

"चूक माजी हाय मॅडम. मी फॉर्म वाचला न्हाई."

अकरा वर्षांपूर्वी पंकजा मुळे मॅडम परीक्षेच्या कामासाठी नगरला गेल्या होत्या. मीटिंग लांबली. त्या स्वतःची गाडी घेऊन घाईने निघाल्या, आणि राहुरीच्या पुढे अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी गेली. इकडे त्यांचा अवधूत, पाच वर्षांचा, पाळणाघरात वाट बघत बसलेला. तेव्हाच्या बाईने सात वाजेपर्यंत वाट पाहिली. वडील परगावी, फॉर्मवर दुसरं नाव नव्हतं, द्यायचं कुणाकडे? तिने त्याला वॉचमनपाशी ठेवलं आणि घर गाठलं. वॉचमन गेट उघडायला उठला, तेवढ्यात पोरगा आईला बघायला बाहेर पडला. सकाळी फळबागेच्या शेततळ्यात सापडला.

"तवापासून त्यो रकाना आलाय फॉर्मवर," आसारामभाऊ म्हणाले. "मॅडमचे मिस्टर, यज्ञेश्वर सर, गाव सोडून गेले. त्या क्वार्टरला कुनी ऱ्हात न्हाई. मी सकाळी पैलं तुमच्या फॉर्मवरचं नाव खोडतो. येक इनंती हाय, रुपालीबाईला कळू दिऊ नका. आदीच्या तीन बाया पळाल्यात. ही बी गेली तर पाळनाघर बंद पडंल."

आयेशाने मान हलवली. दारातून काय बोलणं झालं आणि आपण काय कबूल करून बसलो, हे मात्र तिने त्यांना सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी नगरहून तिची आई, बद्रुन्निसाबी, येऊन राहिली. क्वार्टर बदलून मिळण्यासाठी आयेशाने फॉर्म भरला. यादीत तिच्यापुढे आठ जण होते. ती साडेचारलाच मारियाला घरी आणू लागली. जिना चढताना समोरच्या पाटीकडे बघायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. मारिया मात्र दोन-तीनदा म्हणाली, "अम्मी, आपण तसा भात करू ना." आयेशाने तिला रागावून गप्प केलं, आणि मग रात्रभर स्वतःलाच दोष दिला.

असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी संध्याकाळी ती घरीच होती. मारिया फरशीवर चित्र रंगवत होती, बद्रुन्निसाबी नमाजासाठी हातपाय धूत, वजू करत होत्या. फोन वाजला. रुपालीताई.

"मॅडम, येक पोरगं ऱ्हायलंय हितं. त्येची मम्मी आली न्हाई."

"मग... मला कशाला फोन?"

"तुमचंच नाव हाय न्हवं फॉर्मवर? मला बी नवलच वाटलं, ह्यो फॉर्म फायलीत कवा आला. जुना कागद हाय, पार पिवळा. पन शिक्का हाय. नाव अवधूत सांगतंय."

तिला ओरडून सांगायचं होतं, माझा काही संबंध नाही, दार लावा आणि घरी जा.

"बराच येळ बसलंय," रुपालीताई म्हणाल्या. "बोलत न्हाई. नुसतं दाराकडं बघतंय. मला सव्वासातची यस्टी हाय मॅडम. तुमी येनार नसल्या तर मी त्येला वॉचमनपाशी ठिवून जाते."

"नको!" आयेशा इतक्या जोरात म्हणाली की मारियाने वर बघितलं. "वॉचमनपाशी नको. थांबा. मी येते."

आपण हे का म्हटलं, ते तिला रस्ताभर कळत नव्हतं. पाय मात्र पाळणाघराकडे चालले होते. एक पोर दाराकडे बघत बसलंय, आणि आपण गेलो नाही तर ते उठून बाहेर पडेल, शेततळ्याकडे. पुन्हा. हे एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पाळणाघरात एकच ट्यूबलाइट चालू होती. रुपालीताईंनी पर्स खांद्याला लावलेली होती.

"बरं झालं आल्या. हा बगा, हितं बसलाय, चपलांपाशी."

चपलांच्या कप्प्यापाशी लाकडी बाकडं होतं. बाकड्यावर कुणीही नव्हतं.

"ऊठ रे बाळा, मावशी आल्या," रुपालीताई म्हणाल्या. त्या बाकड्यापुढे उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांनी बुटाची नाडी बांधल्यासारखं करू लागल्या. बोटं सराईतपणे फिरत होती, गाठ मारत होती. बोटांत काहीच नव्हतं. "दुसरा पाय... हां. शाना हाय." मग त्या उठल्या आणि रजिस्टर पुढे केलं. "सही करा. अन् पोरगं लई गार लागतंय मॅडम, कायतरी पांघरा त्येला."

आयेशाने सही केली. अक्षर तिचं तिलाच ओळखू आलं नाही.

बाहेर पडल्यावर ती थोडा वेळ पायरीवर उभी राहिली. काय करायचं असतं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी रोज मारियाला म्हणायची तसं ती म्हणाली, "चल." आणि चालू लागली. शेततळ्याच्या कुंपणापाशी आल्यावर तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कुणीतरी पकडली. पकड लहान होती, ओली होती आणि घट्ट होती. तिने हात झटकला नाही. झटकायचं धाडस तिच्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनही होईना. तळ्याकडे न बघता, मोठ्याने कलमा म्हणत ती पुढे निघाली. बोटं तिच्याबरोबर चालत होती. मध्येच ती मागे ओढली जायची, लहान मूल दमल्यावर ओढतं तशी, आणि मग आयेशा पावलं हळू टाकायची.

जिन्यात अंधार होता. सी-१४ च्या दारापुढे ती थांबली. फाटलेल्या जाळ्याच्या जागी नवं जाळं विणलेलं होतं.

"मुळे मॅडम," ती म्हणाली. "आणलंय... तुमच्या अवधूतला आणलंय. घ्या."

आत काही हललं नाही. भाताचा वास नव्हता, की कसलाच नव्हता. तिने पुन्हा हाक मारली. मग खूप लांबून, त्या बंद खोलीच्या मागे जणू मैलभर रस्ता असावा इतक्या लांबून, धापा टाकत आवाज आला.

"मी अजून पोचले नाही हो... राहुरीच्या पुढे गाड्या अडकल्यात. आजचा दिवस... आजचा दिवस ठेवून घ्या ना त्याला."

"मॅडम! नाही, मॅडम, ऐका..."

तिच्या दोन बोटांवरची पकड आणखी घट्ट झाली.

आवाज ऐकून मागे तिच्याच घराची कडी निघाली. बद्रुन्निसाबी आत नमाजला बसल्या होत्या, दार मारियाने उघडलं. हातात खडू, तोंडभर हसू. आयेशाला तिला सांगायचं होतं, दार लाव, आत जा, पण दार आधीच सताड उघडं होतं. मारियाने आधी आईकडे बघितलं आणि मग आईच्या उजव्या बाजूला, जरा खाली. मग ती दारातून बाजूला सरकली. आयेशा आत आली, तरी मारियाने दार लगेच लावलं नाही. एका हाताने दार धरून ती क्षणभर थांबली, आणि मगच कडी लावली.